दुसऱ्या मजल्यावरची विहीर

मेहुणीचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो, हे कुणीही विचारलं तरी शपथेवर सांगायला मी तयार आहे. मायना लिहिला. खुशालीची ओळ लिहिली. मग पेनाला टोपण लावलं, ते शाई वाळू नये म्हणून. पुढे सगळा उन्हाळा टोपण निघालं नाही.

पत्र लहानसंच होतं. "भाऊजी, ताईला विचारायचा धीर होत नाही म्हणून तुम्हाला लिहिते. तिच्या गुडघ्यांचं कळलं. आईचं शिवणाचं मशीन आता नुसतं पडून असेल, तर आमच्या लेकीला द्याल का? ती शिवण शिकायचं म्हणते. नाही म्हणालात तरी राग नाही."

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. राग येईल अशी धमकी असती, तर मीही थोडा ताठ झालो असतो. राग नाही म्हणणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला या वयातही जमलेलं नाही. आणि हो म्हणायचं तर आधी हिला विचारायला हवं होतं. हिला विचारलं असतं तर ही काय म्हणाली असती तेही मला ठाऊक होतं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती म्हणाली असती, "देऊन टाका." मग मशीन गेलं असतं, ही खिडकीशी बसली असती, आणि त्या खिडकीकडे बघायची माझी हिंमत झाली नसती.

तेव्हा मी पत्र कुठेतरी जपून ठेवलं. कुठे, ते मात्र विसरलो.

डॉक्टरांनी हिला पाय मारायची बंदी केल्यापासून मशीन खरोखरच पडून होतं. ज्या बाईने लग्नापासून घरातला प्रत्येक पडदा, प्रत्येक अभ्रा आणि माझा प्रत्येक पायजमा शिवला, तिला मोकळे हात सोसवेनात. ती माझी पुस्तकं आवरू लागली. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोंदी केल्या. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं. आत काय लिहिलंय असं कुणी विचारलं, तर मात्र त्याला शेजारच्या खिडकीकडे पाठवलं असतं. तर अशा माणसाच्या घरात हिने पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला घेतली. इतिहासाशेजारी होमिओपॅथी आली आणि होमिओपॅथीशेजारी रेल्वेचं जुनं वेळापत्रक.  मशीन चालू व्हायलाच हवं, असं मी ठरवलं. त्यात माझा स्वार्थ किती आणि तिची काळजी किती, हे मला अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकान बंद केलं तेव्हा त्याची मोटार मी विकत घेतली. टेबलाखाली बसवायची, भोपळ्याएवढी, दोघांनी उचलावी अशी. खटका दाबला की ती पूर्ण वेगाने फिरू लागते आणि फिरतच राहते. पायाखालची पट्टी जरा दाबली की तिची चाल पट्ट्यावरून मशीनकडे जाते. पाय मारायचा नाही, नुसता टेकवायचा. शिंपी म्हणाला होता, "काका, लोण्यासारखं चालेल."

हिने पहिल्याच दिवशी उशीचा अभ्रा सुईखाली घेतला, हलकेच पाय टेकवला, आणि पाय उचलेपर्यंत अभ्रा चारही बाजूंनी शिवून बंद झाला होता. उशी घालायला वाटच राहिली नाही. शिवण थेट पुढे टेबलक्लॉथमध्ये शिरली होती. ही खुर्चीसकट मागे सरकली. मग म्हणाली, "दुकानातली आहे हो ती. तिला घरातलं वळण नाही."

म्हणजे प्रश्न एवढाच होता की मोटारीचा वेग कमी करायचा. मी मनाशी म्हटलं, एवढंच ना. आयुष्यातल्या माझ्या बहुतेक फजित्या याच दोन शब्दांनी सुरू झाल्या आहेत.

समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांना आमच्या इमारतीत फ्यूजराव म्हणतात. फार वर्षांपूर्वी त्यांनी जिन्यातला फ्यूज बदलला होता, आणि तेव्हापासून विजेच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. तसे ते विमा कंपनीत होते. त्यांनी मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दोन ठिकाणी बोटाने टकटक केलं आणि निदान सांगितलं. पंखा हळू कसा होतो? रेग्युलेटरने. मोटार म्हणजे काय? पाती नसलेला पंखा. मी भीतभीत विचारलं, की हे सुरक्षित आहे ना. ते म्हणाले की सुरक्षितता ही मनाची अवस्था आहे.

त्यांच्या माळ्यावर छताच्या पंख्याचा जुना, डब्यासारखा रेग्युलेटर होता. तो त्यांनी जोडला. मोटारीतून तीन तारा येत होत्या आणि आमच्या भिंतीतल्या खोबणीला छिद्रं दोनच होती. तिसरी, हिरवी तार फालतू आहे असं फ्यूजराव म्हणाले. मला ती कापवेना. कुठलीही गोष्ट फालतू म्हणून फेकणं ग्रंथालयाच्या शिस्तीत बसत नाही. मी ती छान गुंडाळली, दोऱ्याने बांधली, वर सुरगाठ मारली आणि टेबलाच्या पायाला अडकवून ठेवली. ही सुरगाठ लक्षात ठेवावी, अशी विनंती आहे.

पाचावर मोटार पूर्वीसारखीच धावली. चारावर थोडी कुरकुरत धावली. तिनावर म्हाताऱ्याने जिना चढावा तशी कण्हू लागली, आणि दोनावर ती जागच्या जागी गुणगुणत उभी राहिली. वेग कमी होण्याऐवजी तिचा उत्साहच कमी होत होता, आणि अंग मात्र तापत होतं. फ्यूजराव म्हणाले, नवीन आहे, सरावेल. मी म्हटलं, जुनी आहे. ते म्हणाले, मग जुनी सवय मोडायला वेळ लागेलच.

इथे मी पुस्तकाकडे वळलो. माझ्याजवळ विजेच्या मोटारींवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. हिने लावलेल्या क्रमात ते बालसंगोपनाच्या शेजारी सापडलं. शेवटची सूची काढून 'वेग' पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'पहा: नियंत्रण'. 'नियंत्रण' पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'पहा: वेग'. दुसरा कुणी असता तर चिडला असता. मला उलट गहिवरून आलं; अशा नोंदी मीही उमेदीच्या काळात केलेल्या आहेत. मग मी पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. मधली पानं गाळून पुढे जाणं मला कधीच जमलं नाही. मोटार चारावर कुरकुरत होती तेव्हा मी प्रस्तावनेत होतो, आणि पुढे जे घडलं ते घडेपर्यंत लोहचुंबकाच्या इतिहासापलीकडे पोचलो नव्हतो.

तेवढ्यात हिच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या.

मशीनवर बसली की बोटांत मुंग्या. मी घाबरलो. बघू म्हणून मी मशीनला टेकलो, तर मलाही आल्या. दोघांनाही एकदम याव्यात, म्हणजे वयच झालं म्हणायचं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, कधी येतात? ही म्हणाली, काम करताना. मी म्हटलं, टेकल्यावर. डॉक्टरांनी दोघांनाही ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला कमी टेकायला सांगितलं. गोळ्यांनी गुण येतोय असं आम्हाला वाटू लागलं, कारण ज्या दिवशी मशीनवर बसत नसू त्या दिवशी मुंग्या अजिबात येत नसत.

मग एका संध्याकाळी रेग्युलेटर तिनावर असताना खोलीभर जळका वास पसरला, टेबलाखाली फट्कन आवाज झाला, आणि आमच्या घरासकट सगळ्या जिन्यातले दिवे गेले. अंधारात फ्यूजरावांचा आवाज आला, "मी नाही."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली, की कुणाच्या घरी कसलीही मोटार असल्यास वीज कार्यालयाकडून ती सुरक्षित असल्याचा दाखला आणावा. नाव कुणाचंच नव्हतं. पण सूचना माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावली होती, आणि आमच्या जिन्यात माझ्याएवढं बुटकं दुसरं कुणी नाही.

वीज कार्यालयातला कारकून स्वभावाने चांगला होता, हे आधी सांगतो. त्याच्या अर्जात यंत्राच्या प्रकारासमोर पंप, लिफ्ट, गिरणी आणि इतर असे पर्याय होते. मी 'इतर'वर बोट ठेवलं. तो म्हणाला, इतरला साहेबांची सही लागते, आणि साहेब प्रशिक्षणाला गेलेत. मी विचारलं, कधी येतील? तो म्हणाला, प्रशिक्षित झाले की. मी शिवणाचं मशीन, हिचे गुडघे, उशीचा अभ्रा असं सगळं समजावून सांगितलं. त्याने ते मनापासून ऐकलं आणि अर्जात 'पंप' असं लिहिलं.

"आजोबा, पंपाला इथे कुणी काही विचारत नाही," तो म्हणाला. "निमूट मंजूर होतो."

खाली पाणी कुठून उपसता असा रकाना होता. मी म्हटलं, कुठूनच नाही. तो म्हणाला, रकाना मोकळा ठेवता येत नाही, आणि माझ्यावर उपकार करावे तसं त्याने तिथे 'विहीर' लिहिलं. मी सही केली. का केली? माझ्या मागे रांग होती. रांगेतली माणसं उसासे टाकू लागली की मी कशावरही सही करतो.

पंपाला कुणी काही विचारत नाही हे खरं असेलही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या विहिरीला विचारतात. थोड्याच दिवसांनी, काखेत फाईल धरलेले एक निरीक्षक आमच्या दारात उभे राहिले आणि विहीर कुठे आहे असं विचारू लागले.  मी त्यांना खिडकीपाशी नेलं. आम्ही दोघांनी वाकून खाली पाहिलं. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, कोण आलंय?

"विहीर बघायला आलेत," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "पाणी देऊ का त्यांना?"

हे इथेच मिटलं असतं. पण निरीक्षकांनी वर येताना खाली सेक्रेटरींना विचारलं होतं, की दुसऱ्या मजल्यावर पंप कुणी बसवलाय. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाणी नीट चढत नाही, हे दुःख फार जुनं आहे. आज त्याला पत्ता मिळाला. पाहता पाहता जिना भरला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पुरावा म्हणून रिकामी बादली घेऊनच आल्या. दिसायला गरीब माणसं आतून कशी असतात यावर कुणीतरी चार शब्द बोललं. रात्री पुस्तकं वाचतो असं म्हणून दिवा कशाला जळत ठेवतात ते आता कळलं, असं दुसरं कुणी म्हणालं. फ्यूजराव माझ्या बाजूने बोलले, पण ते असे: "पंप तसा लहानच आहे, मीच जोडून दिला."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून 'लोहचुंबक' एवढाच शब्द बाहेर पडला.

शेवटी ही पुढे आली, तिने टेबलावरची चादर बाजूला केली आणि सगळ्यांना मशीन दाखवलं. निरीक्षक खाली वाकले. रेग्युलेटर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. तो काढून त्यांनी मोटारीची तार थेट भिंतीतल्या खोबणीला जोडली, खटका दाबला, खिशातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक मशीनला टेकवलं. टेस्टरमधला इवलासा दिवा लागला. जिन्यातल्या कुजबुजीत तो कुणाला दिसलाही नसेल. मला दिसला.

"बाई, याला हात लावला की काही होतं का?" त्यांनी विचारलं.

"मुंग्या येतात," ही म्हणाली. "गोळ्या चालू आहेत."

निरीक्षकांनी खटका बंद केला, प्लग खेचून काढला आणि मग म्हणाले, "गोळ्या बंद करा. ही वीज आहे."

ते परत खाली वाकले. टेबलाच्या पायाशी त्यांना ती हिरवी तार सापडली, नीट गुंडाळलेली, सुरगाठ मारलेली. बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून ती तार असते, असं त्यांनी सांगितलं. ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर उभं राहून हात लावला असता, तर मुंग्यांवर भागलं नसतं. ही तार कुणी बांधली, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

रेग्युलेटरबद्दलही ते बोलले. ही मोटार विजेच्या ठेक्यावर फिरते; दाब कमी केला म्हणून ती हळू होत नाही, ती कण्हते, तापते आणि शेवटी जळते. बैलाचा चारा तोडला म्हणून बैल सावकाश चालत नाही, खाली बसतो. फ्यूजराव छताकडे बघत होते. निरीक्षकांनी अहवालात लिहिलं, 'पंप आढळला नाही. विहीर आढळली नाही.' हिरवी तार जमिनीला जोडून तीन छिद्रांची खोबण बसेपर्यंत मोटार बंद ठेवायची, अशी ताकीद दिली आणि ते गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन अजून उभ्याच होत्या. पंप नाही तर मग आमचं पाणी जातं कुठे, असं त्यांनी मलाच विचारलं.

सगळे गेल्यावर मी टेबलाशी बसलो. सुरगाठ अजून तशीच होती. जिच्यासाठी हा खटाटोप केला तिलाच मी मारायला निघालो होतो, तेही इतक्या टापटिपीने. मला काहीच कळेनासं झालं. वेग कळला नाही, नियंत्रण कळलं नाही, बायकोच्या बोटांत काय चाललंय तेही कळलं नाही. मी पेनाचं टोपण काढलं आणि मेहुणीला लिहिलं, 'मशीन घेऊन जा.' पाकिटात घातलं. पाकिटाचा गोंद वाळून गेला होता, ते चिकटेना. तसंच खिशात ठेवलं. हिला सांगायचं अजून बाकी होतं.

पुढचे काही दिवस मी सांगायला जायचो आणि भलतंच काही विचारून परत यायचो. दरम्यान परवानाधारक वायरमन येऊन हिरव्या तारेला तिची जागा देऊन गेला, मोटारीतला बिघाडही काढून गेला. मशीनला हात लावला तर आता काही होत नव्हतं. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. पण वेग होता तसाच होता, आणि ही मशीनजवळ जात नव्हती.

एका दुपारी ती टेबलाखाली बघत उभी होती.

"अहो, पायाच्या मशीनचं खालचं चाक केवढं होतं?"

"मोठं," मी म्हटलं.

"आणि वरचं?"

"लहान."

"म्हणून मी सावकाश पाय हलवायची तरी सुई धावायची. आता या मोटारीच्या टोकाला केवढं चाक आहे, ते बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. मी लोहचुंबकापर्यंतच आलो होतो. वाकून पाहिलं तर चाक बशीएवढं होतं. हिने शिवणाच्या डब्यातून दोरा संपलेलं एक लाकडी रीळ काढलं आणि त्या चाकाशेजारी धरलं.

"चाक एवढंसं करा," ती म्हणाली. "तिला पळू दे तिच्या चालीनं. तिला कशाला छळायचं?"

मी रीळ घेऊन लेथवाल्याकडे गेलो आणि 'हुबेहूब असं' असं सांगितलं. नोंदीच्या कामात हुबेहूब या शब्दाला फार मान आहे. त्याने लोखंडाचं हुबेहूब रीळ करून दिलं. त्याचं छिद्रही हुबेहूब होतं, त्यात मोटारीचा दांडा सोडाच, माझी पेन्सिलसुद्धा जात नव्हती. दुसऱ्या वेळी हिला बरोबर नेलं. तिने त्याला चार वाक्यांत सांगितलं आणि त्याने मला खुर्ची दिली. चाक लहान झालं तसा पट्टा सैल पडला, म्हणून तो कापून आखूड करावा लागला. कपड्याचं टोक पट्ट्यात अडकू नये म्हणून फ्यूजरावांनी त्यावर लाकडी पेटी ठोकून दिली. ती पेटी त्यांनी प्रायश्चित्त म्हणून केली असावी. पेटी मात्र उत्तम झाली.

हिने खटका दाबला. मोटार नेहमीसारखी भरधाव सुटली. माझा हात आपोआप प्लगकडे गेला. हिने पाय टेकवला. टक. टक. टक. सुई एकेक टाका घालत होती, अक्षर गिरवणाऱ्या मुलासारखी. शिवण टेबलक्लॉथच्या अलीकडेच थांबली. हिने अभ्रा उलटा करून पाहिला, उशी आत जाते का ते पाहिलं. उशी गेली.

"आता पाकीट आणा," ती म्हणाली.

"कसलं पाकीट?"

"माझ्या बहिणीला उत्तर पाठवायचं. मोटारीच्या पुस्तकात तुम्ही तिचं पत्र खुणेला घातलं होतं. पुस्तकं पुन्हा लावताना सापडलं, होतं तिथेच ठेवलं. चुंबकाच्या पानाला."

मला आठवलं; वाचता वाचता हाताला आलेला तो कागद मी न बघताच खुणेला घातला होता. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पंप, विहीर, जिन्यातली बादली, हे सगळं होत असताना ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुम्ही काय लिहिता ते बघत होते," ती म्हणाली.

मी खिशातलं पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने 'मशीन घेऊन जा' वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सुरगाठीबद्दल काहीतरी पुटपुटलो. तिने त्या कागदाची नीट घडी करून ती माझ्याच खिशात ठेवली आणि कोरा कागद पुढे सरकवला. या खेपेला पेन अडलं नाही. 'मशीन देता येणार नाही, ते चालू आहे. इतकं सावकाश चालतं की शिकणाऱ्या मुलीला याहून चांगलं मिळायचं नाही. तिला इकडे पाठव. ताई शिकवेल.' खाली हिने सही केली. माझ्या सहीला जागा उरली नाही, तरी ती मी कशीबशी कोपऱ्यात बसवली.

पाकीट तेच जुनं होतं. गोंद धरेना. मी डिंक शोधायला उठलो, तर हिने पाकीट माझ्या हातातून घेतलं, सुईखाली सरकवलं, आणि पाय टेकवला.

टपाल कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. काठाने निळ्या दोऱ्याची शिवण गेली होती, टाका न् टाका सारखा.

"हे शिवलंय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो. गोंद नव्हता. त्याने नियमांचं पुस्तक काढलं, सूचीत काहीतरी शोधलं, त्यावरून दुसरं काहीतरी शोधलं, आणि परत पहिल्याच पानावर आला. शिवलेलं पाकीट चालतं असं कुठे नव्हतं, चालत नाही असंही नव्हतं. माझ्या मागे रांग होती. कुणीतरी उसासा टाकला. या खेपेला मी हललो नाही.

त्याने बोटाने शिवण एकदा चाचपून पाहिली, शिक्का उचलला, आणि तिकिटावर मारला.